रंभाबेनच्या हातची बोणी

सन्माननीय अध्यक्ष आणि कांठाळ सॉल्टचे संस्थापक आदरणीय वृजलालभाई शेठ, आजचे प्रमुख पाहुणे, आपल्या भावनगरचे नामवंत किडनीतज्ज्ञ डॉ. हेमांगभाई भट्ट, ज्यांच्या कल्पकतेने हा सोहळा इतका देखणा सजला ते आमचे विपणन प्रमुख निमेषभाई धामेचा, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण या महाजनवाडीत जमलो आहोत ते सत्कारमूर्ती प्राणलालभाई वेगड, म्हणजे आम्हा सर्वांचे प्राणलालकाका, महुवा, तळाजा, पालिताणा अशा गावोगावच्या बाजारांतून आलेले व्यापारी बंधू, विक्री विभागातील माझे सहकारी, आणि संध्याकाळची घरची चूल थंड ठेवून इथे आलेल्या माता-भगिनींनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मला बोलायला उभे करण्यामागे निमेषभाईंचा मोठेपणा आहे. काल त्यांनी मला बोलावून सांगितले, "पोथीबेन, पाच मिनिटं. काकांचं कौतुक, काकींची आठवण, आणि शेवटी पडद्याकडे हात. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, पण जेवणाची इच्छा मरता कामा नये." इतकी नेमकी सूचना मला शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतही कधी मिळाली नव्हती. मी ती होता होईल तो पाळणार आहे.

पोथी हे नाव काकांनी दिलेले. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला दुपारच्या सुट्टीत पुस्तक वाचताना पाहिले आणि विचारले, "बेटा, त्यात मिठाचं काही आहे का?" मी नाही म्हटले. "मग अळणीच असणार," असे म्हणून ते निघून गेले. तेव्हापासून मी पोथी.

नवा माल बाजारात कसा उतरवावा हे शिकवणारी पुस्तके खरोखरच असतात. ग्राहक कोण, तो कुठे भेटतो, त्याच्या कानावर पहिला शब्द कोणता घालायचा, माल कोणत्या दुकानात ठेवायचा, पहिले गाव कोणते निवडायचे, असा सगळा क्रम त्यांत दिलेला असतो. काकांचा क्रम वेगळा. ते दुकानाच्या ओट्यावर बसतात, अर्धा चहा मागवतात आणि विचारतात, "काय खपत नाहीये?" महुव्याचे खिमजीभाई समोर बसले आहेत, ते साक्ष देतील. एका पावसाळ्यात त्यांनी तक्रार केली, "वेगड, तुझ्या मिठाचे गोळे होतात." काका म्हणाले, "मग उन्हाळ्यात विक ना, शेठ! तू स्वेटर काय चैत्रात विकतोस?" खिमजीभाई हसले आणि फसले. पोती ठेवून घेतली. आजही हसत आहेत. म्हणजे पैसे वसूल झाले असावेत.

आणि काकांच्या क्रमात सर्वांत आधी येत असे ती रंभाकाकींची बोणी, म्हणजे पहिली विक्री.

बाहेरगावच्या पाहुण्यांना ठाऊक नसेल, पण कंपनीचा नवा माल कोणताही असो, त्याचे पहिले पाकीट रंभाकाकी विकत घेत. त्यांचा हात शुभ. एका वर्षी सैंधवाचे पहिले पाकीट एका बड्या पाहुण्यांच्या पत्नीला दिले गेले आणि ते सैंधव गोदामातच पडून राहिले. शेठजींनी त्यानंतर पुन्हा कधी तो धोका पत्करला नाही. बोणीच्या दिवशी काकी बांधणी नेसून कारखान्याच्या फाटकावर येत आणि स्वतःच्याच नवऱ्याशी घासाघीस करत.

"केवढ्याला?"

"पाकिटावर छापलंय."

"छापणाऱ्याला संसार नाहीये. कमी करा."

"अगं, शेठ उभे आहेत!"

"मग शेठना सांगा, बोणीच्या वेळी रडायचं नसतं."

आणि शेठजी स्वतः हसत हसत भाव कमी करत. शेठजी, आपण आत्ता मान हलवलीत. त्या आठवणीबद्दल मी आपली ऋणी आहे, कारण यापुढचे ऐकताना आपल्याला तिचा आधार लागेल.

आता मुख्य विषय. निमेषभाईंनी मला पडद्याकडे हात करायला सांगितले आहे. पडद्यामागे काय आहे हे बहुतेकांना माहीत आहे: आपल्या नव्या मिठाचे नवे पाकीट. त्यावर रंभाकाकींचा फोटो आहे आणि नाव आहे "रंभाबा मोळुं", मोळुं म्हणजे अळणी. थोड्या वेळाने काका दोरी ओढतील. बाहेर झेंडूच्या माळा घातलेली गाडी उभी आहे, तिला रथ म्हणायचे ठरले आहे. उद्या सकाळी काका त्या रथात बसून निघतील आणि सोमनाथपर्यंत गावोगाव हे मीठ घेऊन जातील. निवृत्तीनंतर इतका मान कोणाला मिळतो? काकांनी होकार दिला आहे, आनंदाने दिला आहे. "रंभा माझ्याबरोबर फिरेल," असे ते मला म्हणाले.

हे मीठ जन्माला आले त्या बैठकीची हकीकत मी सांगते. शेठजी, निमेषभाई, काका, विक्री विभागातले आपण सगळे त्या खोलीत होतो. माल तयार होता. सोडियम कमी असलेले मीठ, रक्तदाबाच्या माणसांसाठी. ते कुणाला आणि कसे विकायचे, एवढाच प्रश्न होता. निमेषभाईंनी भिंतीवर सुरेख चित्रे दाखवली. त्यांत इंग्रजी नाव होते. काका म्हणाले, "भाई, हे लो सोडियम तुम्ही म्हातारीला सांगायला गेलात ना, तर ती म्हणेल, सोडा नको रे बाबा, पोट फुगतं."

खोली हसली. काकांना हसू मिळाले की ते थांबत नाहीत. "आपल्याकडे आजारी माणसाला आजारी कोण म्हणतं? बा मोळुं खातात, एवढंच म्हणतो. बिनमिठाचं ताट वेगळं काढतो. घरोघरी एक तरी असतंच. ज्याच्या ताटात मोळुं, त्याच्या दारात आपण. नावसुद्धा तेच ठेवा, मोळुं."

निमेषभाई उठले आणि काकांच्या पाया पडले. खरोखर पडले. त्या एका शब्दावर सगळी योजना उभी राहिली. विक्रेत्याने दारात जाऊन एकच प्रश्न विचारायचा: "तुमच्या घरी मोळुं कोण खातं?" घरातून उत्तर आले की पाकीट हातात ठेवायचे. मी इतकी पुस्तके वाचली, पण इतका सरळ प्रश्न मला त्यांत सापडला नव्हता.

काका बाजारात निघून गेल्यावर मी फक्त एक शंका विचारली होती. मोळुं खाणारे दोन प्रकारचे असतात. एकाला रक्तदाब असतो. दुसऱ्याची किडनी थकलेली असते. आपल्या बोलण्यात दोघांना एकच शब्द आहे, पण आपल्या मिठाला ते दोघे सारखे नाहीत. या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेले आहे. थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. ते रक्तात साचते आणि हृदय थांबवू शकते. म्हणून मी म्हटले, पाकिटाच्या दर्शनी बाजूला, नावाच्या खाली, एक ओळ ठळक छापू या: किडनीचा विकार असल्यास हे मीठ खाऊ नये. आणि पहिले सहा महिने माल औषधांच्या दुकानातून विकू या. तिथे निदान कुणी विचारणारा असतो.

निमेषभाईंचे उत्तर मला तोंडपाठ आहे. त्यांची भाषा खरोखर स्मरणात राहण्याजोगी असते. "पोथीबेन, औषधाच्या दुकानात माणूस घाबरून जातो, वाण्याच्या दुकानात भूक लागली म्हणून जातो. आपल्याला भूक विकायचीय. भीती पुढे छापली ना, तर पाकीट फळीवरच म्हातारं होतं." शेठजींनी विचारले, "पण निमेष, ती ओळ कायद्यानं लागते ना?" निमेषभाई म्हणाले, "ठेवतो ना, शेठ. मागं ठेवतो, शिवणीत." जिथे पाकिटाची कड दुमडून चिकटवतात, तिथे ती ओळ गेली. ती वाचायची असेल तर पाकीट फाडावे लागते, आणि फाडल्यावर ओळीचे दोन तुकडे होतात.

निमेषभाई, आपण घड्याळ दाखवता आहात. माझी पाच मिनिटे संपली असतील. पण काकींची आठवण सांगायची राहिली आहे, आणि ती आपल्याच सूचनेत होती.

रंभाकाकी कित्येक वर्षे मोळुं खात होत्या. त्यांची दाळ म्हणजे गरम पाणी, ज्यात हळद आंघोळ करून गेली आहे, असे त्या म्हणत. पण रडगाणे नव्हते. सर्वांदेखत सांगायच्या, "डॉक्टरनं मीठ बंद केलं, केळं बंद केलं, नारळाचं पाणी बंद केलं. आता घरात फक्त हे चालू आहेत," आणि काकांकडे बोट दाखवायच्या. डॉक्टरसाहेब, केळे आणि नारळपाणी आपण कशासाठी बंद केले होते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांतही पोटॅशियमच असते.

नव्या मिठाच्या बोणीला काकी आल्या त्या दिवशी त्यांनी केळ्याचा हाच विनोद फाटकावर केला. आम्ही सगळे हसलो, निमेषभाई सर्वांत मोठ्याने हसले. मग घासाघीस झाली, भाव कमी झाला, पाकीट काकींच्या हातात आले. आणि त्यांनी निमेषभाईंना विचारले, "भाई, मला चालेल ना हे?"

हा प्रश्न त्यांनी नवऱ्याला विचारला नाही. शिकलेल्या माणसाला विचारला.

निमेषभाई म्हणाले, "काकी, तुमच्यासाठीच तर केलंय!"

काकींनी तिथेच पाकीट उघडले, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले आणि डोळे मिटले. मग लहान मुलीसारख्या ओरडल्या, "अहो, खारं आहे हो! खरंच खारं आहे!" त्या क्षणी फोटो काढला गेला. पडद्यामागे तोच फोटो आहे. त्या हसण्यात अभिनय नव्हता, म्हणूनच तो इतका चांगला आला.

पुढचे दिवस काकांच्या घरी सणासारखे गेले. मी स्वतः जेवायला गेले होते. दाळ-ढोकळी होती. नवरा-बायकोने एका पातेल्यातले खाल्ले, आणि काकी मला म्हणाल्या, "पोथी, दोन चुली मांडून राहिल्यासारखं वाटायचं बघ इतकी वर्षं." निघताना दारात म्हटले, "काकी, डॉक्टरांना एकदा विचाराल का?" त्या म्हणाल्या, "विचारलं ना! निमेषभाईंना विचारलं की!" आणि काका आतून ओरडले, "पोथीला सांग, तिच्या पुस्तकापेक्षा चवदार आहे म्हणावं."

नंतर एका सकाळी काकी देवासमोर दिवा लावता लावता कोसळल्या. इस्पितळात नेईपर्यंत हृदय थांबले होते.

इथवरची हकीकत आपल्या सर्वांना माहीत आहे. पुढचीही बऱ्याच जणांना माहीत आहे, पण प्रत्येकाला वाटते की ती फक्त आपल्यालाच माहीत आहे. एकाच माणसाला ती अजिबात माहीत नाही, आणि तो आज हार घालून पहिल्या रांगेत बसला आहे.

माईक बंद करू नये, अशी माझी नम्र विनंती आहे. हा आवाज माईकशिवायही मागच्या रांगेपर्यंत जाईल. फक्त मला ओरडावे लागेल आणि ते सभेला शोभणार नाही.

काका बाराव्याच्या आधीच बाजारात परतले. पांढरे कपडे, खांद्यावर पंचा. शेठजींनी सुटी घ्या म्हटले तर म्हणाले, "रंभाच्या हातची बोणी आहे, शेठ. ही बुडाली तर ती वर बसून मला शिव्या देईल." ते दारोदार गेले. त्यांचे शब्द साधे होते: "माझी बायको शेवटपर्यंत हेच खात होती. चवीनं जेवली आणि सुखानं गेली." ऐकणाऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत आणि दोन पाकिटे घेत. योजनेत जी विक्री वर्षाअखेर व्हायची होती ती पावसाळ्यातच झाली. निमेषभाईंनी काकांचे ते वाक्य सगळ्या विक्रेत्यांकडून घोकून घेतले. शिकवताना म्हणाले, "काका जिथं थांबतात ना, गेली म्हणायच्या आधी, तिथं तुम्हीही थांबा." मागे बसलेल्या माझ्या भावांनो, तुम्ही थांबायला शिकलात. मी तुम्हाला दोष देत नाही. तो थांबा शिकवण्यासाठीचा खडू मीच आणून दिला होता.

काकींच्या बेसण्याला, शोकसभेला, डॉक्टर हेमांगभाई आले होते. तिथे पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि चुलीशेजारी उघडे पाकीट पाहिले. दुसऱ्या दिवशी ते कंपनीत आले. मी निमेषभाईंच्या खोलीत कागद घेऊन उभी होते.

"हे कुणाला विकताय तुम्ही?" डॉक्टरांनी विचारले.

"मोळुं खाणाऱ्यांना."

"रंभाबेन मोळुं कशासाठी खात होत्या, माहीत होतं तुम्हाला? इस्पितळात रक्त तपासलं, पोटॅशियम किती निघालं ते बघितलंत? घोडा पडला असता."

निमेषभाईंनी दार लावले. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता. "साहेब, झालं ते झालं. मीठ त्यांना रोज कोण वाढत होतं? काका. आता तुम्ही जाऊन सांगणार का त्यांना? म्हातारा उद्या पंख्याला लटकेल. तेवढं पाप तुम्ही डोक्यावर घेता?"

डॉक्टर म्हणाले, "निदान ती ओळ पुढं छापा." निमेषभाई म्हणाले, "पुढच्या छपाईत, साहेब. वचन." आणि माझ्याकडे बघून हसले, "राहिल्या पोथीबेन. त्या तर बोलतच नाहीत."

पुढची छपाई झाली आहे. ती पडद्यामागे आहे. दर्शनी बाजूला, नावाच्या खाली, जिथे ती ओळ यायची होती, बरोबर त्याच जागी रंभाकाकींचा फोटो आहे. ओळ शिवणीतच आहे.

निमेषभाई, बसून घ्यावे. काय म्हणालात? मागच्यांना ऐकू गेले नसेल, म्हणून सांगते: निमेषभाई म्हणतात की मी ज्याचा आरोप करते आहे तो अपघात आहे, त्यांना वैद्यकातले काही कळत नाही, आणि किडनीच्या माणसाला हे मीठ चालत नाही हे त्यांना माहीत नव्हते. कदाचित मीच चुकत असेन. दिवाळीत कंपनीने प्रत्येक कर्मचाऱ्याच्या घरी या मिठाचा डबा भेट दिला. आपला डबा टेबलावरच राहिला होता, तो मी धावत जाऊन गाडीपाशी दिला. तेव्हा आपण म्हणालात, "नको, ठेवा. आमच्या बांची किडनी नाजूक आहे." आपल्या मातोश्रींना उदंड आयुष्य लाभो. मी हे उपहासाने म्हणत नाही.

शेठजी, आपण हाताने मला जवळ बोलावले. आपण हळू बोललात, पण आपला आदर राखून मी ते मोठ्याने सांगते. आपण म्हणालात, "दीकरी, खाल्ल्या मिठाला जाग." जागते आहे, शेठजी. आपल्या घरचे मीठ मी पोटभर खाल्ले आहे. माझी किडनी चांगली आहे म्हणून उभी राहून बोलू शकते.

कुणी विचारेल, हे काकांना घरी जाऊन एकांतात सांगता आले नसते का? आले असते. काका रडले असते, मग आपल्यातलेच कुणी तरी जाऊन त्यांना समजावले असते की कंपनीची अब्रू आहे, शेठचे उपकार आहेत, आता बोलून काय उपयोग. आणि उद्या सकाळी रथ निघाला असता. दया करण्यात आपण सगळे फार तरबेज झालो आहोत. या रथासमोर उद्या गावोगावच्या सासवा आणि सुना येतील. काका विचारतील, "तुमच्या घरी मोळुं कोण खातं?" आणि त्यांचा चेहरा असा आहे की कुणी खोटे सांगणार नाही.

काका उठले आहेत. कृपया कुणी त्यांना धरू नये. काका, या. पायरी आहे.

काका मला विचारतात, "पोथी, म्हणजे रंभाला मी मारली म्हणतेस?"

नाही, काका. मी तसे म्हणत नाही.

"मग काय म्हणतेस?"

काका, ते मीठ त्यांना चालणारे नव्हते. हे त्या खोलीत माहीत असलेली माणसे होती. तुम्ही त्यांतले नव्हतात.

काका आता डॉक्टरसाहेबांपुढे उभे आहेत. ते विचारतात, "साहेब, तुम्ही सांगा. ही पोर पुस्तकं वाचते. तुम्ही शिकलेले. माझी बायको मिठानं गेली का?"

डॉक्टरसाहेब, सभा शांत आहे. आपण सावकाश उत्तर द्यावे.

डॉक्टर म्हणतात की एकाच कारणाने असे होते हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. वय होते, आजार जुना होता, अनेक गोष्टी असतात. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, पदरची मीठमिरची लावलेली नाही.

काका हसले. मागच्यांना दिसले नसेल, पण ते खरोखर हसले. मला म्हणाले, "बघ. साहेबच नाही म्हणतात. तू लहान आहेस, बेटा. इतकं वाचू नये." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. निमेषभाईंनी त्यांना दोरीपर्यंत नेले आहे. वाजंत्रीवाल्यांना खूण झाली आहे. मी बाजूला सरकते.

काकांनी दोरी ओढली.

टाळ्या वाजल्या, आधी निमेषभाईंच्या आणि नंतर इतरांच्या. फोटो फार मोठा आहे. डोळे मिटलेले, जीभ किंचित दातांत, आणि ते हसू. पण काका अजून आपल्याकडे वळलेले नाहीत. कुणी तरी वाजंत्री थांबवा. थांबवा, मी विनंती करते.

काका बोलत आहेत. फोटोकडे तोंड करून बोलत आहेत, त्यामुळे कुणाला ऐकू येत नाही. मला येते आहे. हे सांगणे माझ्या जिवावर आले आहे, पण आजवर या कंपनीत जे ज्याला ऐकू आले ते त्याने स्वतःपाशीच ठेवले, म्हणून सांगते. ते म्हणत आहेत, "आदल्या रात्री तुझ्या हाताला कंप होता. वरून मीठ घालता येत नव्हतं तुला. मला म्हणालीस, घाला जरा. मी घातलं. अजून थोडं म्हणालीस. मी अजून घातलं."

डॉक्टरसाहेब, आपण उठून कुठे निघालात? बाहेरचा दरवाजा डावीकडे आहे.

काका म्हणतात, "खाली उतरवा तिला."

शेठजी, आपल्या परवानगीची वाट पाहायला मी शिकलेली आहे, पण काकांचे हात तिथवर पोहोचत नाहीत, आणि ते उड्या मारत आहेत. त्यांचे वय उड्या मारण्याचे नाही. विक्री विभागातले कोणी दोघे उंच भाऊ पुढे या. खुर्ची घ्या. शिडी असेल तर शिडी आणा. फोटो फाटला तरी चालेल. सांभाळून नको, लवकर हवा आहे.

आभाराचे काम माझ्याकडे आहे, ते करते. अध्यक्षांनी मला शेवटपर्यंत बोलू दिले, त्याबद्दल त्यांची आभारी आहे. निमेषभाईंनी माझी निवड केली नसती तर मला हे व्यासपीठ मिळाले नसते, त्यांचेही आभार. बाहेरगावच्या व्यापारी बंधूंनी आपल्या दुकानातली पाकिटे आज रात्रीच फळीवरून काढावीत आणि ज्या घरी दिली ती घरे आठवावीत. भगिनींनो, भोजन मागच्या पटांगणात तयार आहे. सगळा स्वयंपाक याच मिठात केलेला आहे, तशी निमेषभाईंची खास सूचना होती. ज्यांची किडनी आजारी आहे त्यांनी तिथे जेवू नये, आणि ज्यांच्या घरी असे कुणी आहे त्यांनी तिथून कुणासाठी काही बांधून नेऊ नये.

काका, भाषणात कमी-जास्त बोलले गेले असेल तर सभेने ते पोटात घालावे, असे म्हणण्याची रीत आहे. सभेकडे मला काही मागायचे नाही. तुमच्याकडे मागते. तुम्हाला हे कळावे म्हणून मी तुमच्या गळ्यात हार असलेला दिवस निवडला. याहून बरा दिवस मला सापडला नाही. मला क्षमा करू नका, फक्त उद्या त्या गाडीत बसू नका.

फोटो खाली आला आहे. काकांनी तो जमिनीवर आडवा घेतला आहे आणि त्यावर स्वतःची सत्काराची शाल पांघरत आहेत. पायांपासून वर. तोंड झाकणे त्यांच्याने होत नाहीये.

कोणी तरी त्यांना मदत करा.

नमस्कार.